सोने गेले, पारा राहिला

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावरून युबा, बेअर आणि अमेरिकन या नद्या खाली येतात. डोंगराळ भागात त्यांचे पाणी स्वच्छ व थंड असते. परंतु या नद्यांच्या पात्रातील खडी एखाद्या उथळ पराती‌त घेऊन पाण्यात धुतली, तर काही ठिकाणी आजही तळाशी चांदीसारखे चकाकणारे बारीक थेंब उरतात. हे थेंब पाऱ्याचे असतात. पारा या नद्यांत निसर्गतः नव्हता. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या शोधासाठी आलेल्या माणसांनी तो तेथे नेला, वापरला आणि जेवढा परत हाती लागला नाही तेवढा तेथेच सोडून दिला.

ज्या खाणींनी हा पारा वापरला, त्या बंद पडून शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. त्यांतून निघालेले सोने केव्हाच जगभर पांगले. पारा मात्र नदीच्या गाळाबरोबर इंच इंच पुढे सरकत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत पोहोचला आहे आणि तेथील माशांच्या शरीरात सापडतो. एखादा उद्योग संपला म्हणजे त्याचा परिणामही संपतो, हा समज किती चुकीचा आहे, हे समजून घेण्यासाठी या पाऱ्याचा प्रवास पाहणे उपयुक्त ठरेल.

पारा आणि सोने यांचे नाते

सामान्य तापमानाला द्रवरूप असणारा पारा हा एकमेव धातू होय. उणे ३९ अंश सेल्सिअसच्या सुमारास तो गोठतो आणि ३५७ अंशांच्या सुमारास उकळतो. पाण्याच्या मानाने तो साडेतेरा पटींहून अधिक जड असतो. निसर्गात तो बहुधा गंधकाशी संयोग पावलेल्या तांबड्या खनिजाच्या रूपात आढळतो. हे खनिज म्हणजे आपल्याकडे फार जुन्या काळापासून परिचित असलेला हिंगूळ. हिंगूळ भट्टीत भाजला की गंधक निघून जाते, पाऱ्याची वाफ होते आणि ती वाफ थंड केली की शुद्ध पारा मिळतो.

सोन्याच्या खाणकामात पाऱ्याचा एकच गुण महत्त्वाचा असतो. सोन्याचा कण पाऱ्याच्या संपर्कात आला की पारा त्याला आपल्यात सामावून घेतो आणि दोहोंचे मऊ, लोण्यासारखे मिश्रण तयार होते. या मिश्रणाला पारदमेल असे म्हणतात. वाळू व खडी हलकी असल्यामुळे पाण्याबरोबर वाहून जाते. पारदमेल जड असल्यामुळे तळाशी राहतो. पुढे तो बंद पात्रात तापविला म्हणजे पाऱ्याची वाफ निघून जाते आणि सोने मागे उरते. डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे बारीक कणही या रीतीने पकडता येतात. म्हणूनच पाऱ्याशिवाय सोन्याची खाण चालविणे त्या काळातील खाणमालकांना परवडण्यासारखे नव्हते.

२४ जानेवारी १८४८ रोजी अमेरिकन नदीच्या काठी कोलोमा येथे जेम्स मार्शल याला सोन्याचे कण सापडले आणि कॅलिफोर्नियात माणसांचा लोंढा सुरू झाला. योगायोग असा की, सोन्याला लागणारा पाराही त्याच प्रदेशात तयार होता. सॅन होझे गावाजवळच्या टेकड्यांतील तांबडी माती तेथील ओलोनी आदिवासी अंग रंगविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरीत असत. ही माती म्हणजे हिंगूळ आहे, हे आंद्रेस कास्तिल्येरो या मेक्सिकन अधिकाऱ्याने १८४५ मध्ये ओळखले. तेथे निघालेल्या खाणीला स्पेनमधील जगप्रसिद्ध खाणीवरून न्यू अल्मादेन हे नाव मिळाले. पाऱ्याच्या उत्पादनात ती उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठी खाण ठरली. समुद्रकिनाऱ्याला समांतर असलेल्या कोस्ट रेंज या डोंगररांगेत पुढे अशा अनेक खाणी निघाल्या. १८५० ते १९८१ या काळात त्यांतून एकंदर सुमारे एक लाख टन पारा काढण्यात आला. त्यापैकी सुमारे बारा हजार टन कॅलिफोर्नियातच सोने मिळविण्यासाठी खर्ची पडला.

अशा प्रकारे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडे पारा दोन बाजूंनी आला. पश्चिमेकडील डोंगरांत तो खणला गेला आणि खाणींच्या टाकाऊ मालातून ओढ्यांत उतरला. पूर्वेकडील डोंगरांत तो वापरला गेला आणि सोन्याच्या गाळातून नद्यांत मिसळला.

डोंगर धुणारे पाणी

आरंभी सोने शोधणारा माणूस नदीकाठी बसून परातीत वाळू धूत असे. नदीकाठचे सोने लवकरच संपले. उरलेले सोने डोंगरांच्या पोटातील प्राचीन नद्यांच्या खडीत, मोठ्या खोलीवर दडलेले होते. ते बाहेर काढण्यासाठी १८५३ च्या सुमारास एक नवी युक्ती पुढे आली. उंचावरच्या तलावातील पाणी कालव्यांनी व लोखंडी नळांनी खाली आणावयाचे, नळाच्या टोकाला तोफेसारखे निमुळते तोंड बसवावयाचे आणि त्यातून सुटणारा पाण्याचा प्रचंड झोत डोंगराच्या कड्यावर सोडावयाचा. कडाच्या कडा ढासळून चिखल होई आणि तो चिखल लाकडी पन्हळींतून वाहू लागे. पाण्याच्या दाबाने चालणाऱ्या या पद्धतीने शंभर माणसांचे काम मोजकी माणसे करू लागली.

लाकडी पन्हळी शेकडो फूट लांब असत. त्यांच्या तळाशी आडव्या पट्ट्या अथवा दगड बसवून खाचा केलेल्या असत आणि या खाचांत पारा ओतला जाई. पारा लोखंडी बाटल्यांतून येत असे. एका बाटलीत ७६ पौंड, म्हणजे सुमारे साडेचौतीस किलो पारा मावे. एका मोठ्या पन्हळीत शेकडो पौंड पारा घालावा लागे. वरून सतत वाहणारी खडी व गोटे या पाऱ्यावर आदळत. त्यामुळे त्याचे पिठासारखे सूक्ष्म कण होत आणि हे कण चिखलाबरोबर पन्हळीच्या बाहेर जात. काही पारा लाकडी तळाच्या फटींतून खाली जमिनीत झिरपे. एका हंगामात घातलेल्या पाऱ्यापैकी दहा ते तीस टक्के पारा असा नाहीसा होत असे. मालकांच्या हिशेबाच्या वहीत तो तोटा म्हणून लिहिला जाई आणि नव्या बाटल्या मागविल्या जात.

ही गळती थोडी थोडी असली तरी तिची बेरीज फार मोठी आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजानुसार नदीच्या गाळातील सोने धुण्याच्या उद्योगात कॅलिफोर्नियात सुमारे एक कोटी पौंड, म्हणजे साडेचार हजार टन पारा निसर्गात सुटला. यातील ऐंशी ते नव्वद टक्के सिएरा नेवाडा पर्वतात सुटला, असेही त्या संस्थेने म्हटले आहे.

१८८४ चा निर्णय

खाणींतून निघालेला राडारोडा नद्यांनी मैदानात आणून टाकला. त्याचे प्रमाण कल्पनेपलीकडचे होते. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा हिशेब मांडला की, ही माती पनामा कालव्यासाठी उपसलेल्या मातीच्या जवळजवळ आठपट होती. युबा नदीचे पात्र भरत गेले आणि मेरिस्व्हिल गावाच्या रस्त्यांहून उंच झाले. गावाभोवती बांध घालावे लागले. १८७५ च्या पुरात ते बांधही अपुरे पडले आणि गाव चिखलाने भरले. मैदानातील शेते वाळू व खडीखाली गाडली गेली.

अखेर शेतकरी न्यायालयात गेले. नॉर्थ ब्लूमफील्ड येथील खाणीविरुद्धच्या खटल्यात न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर यांनी जानेवारी १८८४ मध्ये निकाल दिला आणि खाणीचा राडारोडा नद्यांत सोडण्यास मनाई केली. एका प्रबळ उद्योगापेक्षा नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या लोकांचा हक्क श्रेष्ठ मानणारा हा निर्णय अमेरिकेच्या इतिहासात महत्त्वाचा समजला जातो. त्यानंतर पाण्याच्या झोताने डोंगर फोडण्याचा उद्योग झपाट्याने ओसरला.

तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शेतकऱ्यांची तक्रार चिखलाविषयी होती. शेतात साचलेला चिखल प्रत्येकाला दिसत होता. त्या चिखलात मिसळलेला पारा कोणाला दिसत नव्हता आणि दिसला असता तरी त्यापासून होणारा धोका त्या काळी कोणाला सांगता आला नसता. नवा चिखल येणे निर्णयामुळे थांबले. आधी आलेला पारा जेथल्या तेथे राहिला.

धातूचे विष होते ते कसे

धातुरूप पारा पाण्यात अत्यल्प प्रमाणात विरघळतो. तो नदीच्या तळाशी नुसता पडून राहिला असता, तर माशांपर्यंत त्याचा फारसा अंश पोहोचला नसता. त्याची वाफ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते, हे खाणकामगारांना जुन्या काळापासून ठाऊक होते. पाण्यातील पाऱ्याचा धोका मात्र निराळ्या मार्गाने निर्माण होतो.

पाऱ्याचा काही भाग हवा व पाणी यांच्या संपर्काने हळूहळू रासायनिक बदल पावतो आणि मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटतो. हे कण वाहत जाऊन दलदलीत, तलावाच्या तळाशी किंवा खाडीच्या काठच्या मऊ चिखलात साचतात. अशा चिखलात थोड्याशा खोलीवर प्राणवायू नसतो. तेथे राहणारे काही सूक्ष्मजंतू प्राणवायूऐवजी पाण्यातील सल्फेटाचा उपयोग करून जगतात. हे करीत असताना ते पाऱ्याच्या अणूला कार्बन व हायड्रोजन यांचा एक गट जोडतात आणि मिथिल पारा हे संयुग तयार होते. पाण्यातील सजीव पाऱ्याचे असे रूपांतर करू शकतात, हे १९६९ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. सूक्ष्मजंतूंमधील कोणत्या दोन जनुकांमुळे हे घडते, याचा उलगडा २०१३ मध्ये झाला.

मिथिल पारा सजीवांच्या शरीरात सहज शिरतो आणि तेथून सावकाश बाहेर पडतो. पाण्यातील सूक्ष्म शैवाले तो शोषून घेतात. शैवाले खाणारे बारीक जीव, त्यांना खाणारे लहान मासे आणि लहान माशांना खाणारे मोठे मासे, अशा अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. मोठ्या शिकारी माशाच्या मांसातील मिथिल पाऱ्याचे प्रमाण आजूबाजूच्या पाण्यातील प्रमाणाच्या दहा लाख पटींहूनही अधिक असू शकते. म्हणून जे पाणी पिण्यास निर्धोक ठरते, त्याच पाण्यातला मासा खाण्यास अयोग्य ठरू शकतो. हा विरोधाभास वरवर चमत्कारिक वाटला, तरी त्यामागील कारण इतके सरळ आहे.

आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. काही विषारी द्रव्ये माशाच्या चरबीत साठतात. कातडी व चरबी काढून टाकली की त्यांचे प्रमाण कमी होते. मिथिल पारा मांसातील प्रथिनांना जोडला जातो. त्यामुळे मासा कसाही कापला, उकडला किंवा तळला, तरी पारा कमी होत नाही.

माणसाच्या शरीरात मिथिल पाऱ्याचा मुख्य आघात मज्जासंस्थेवर होतो. जपानमधील मिनामाता येथे एका रासायनिक कारखान्याने समुद्रात सोडलेल्या मिथिल पाऱ्यामुळे झालेल्या भीषण रोगाची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. तेथे मातांमध्ये विशेष लक्षणे नसतानाही त्यांच्या पोटी जन्मलेली मुले गंभीर व्यंगे घेऊन आली. कारण मिथिल पारा वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतो आणि वाढत्या मेंदूला तो सर्वाधिक अपायकारक असतो. याहून पुष्कळ कमी प्रमाणातील पाऱ्याचाही परिणाम होतो, असे पुढील अभ्यासांतून दिसून आले. फेरो बेटांवर गर्भावस्थेत पाऱ्याचा संपर्क झालेल्या मुलांची सातव्या वर्षी तपासणी झाली, तेव्हा स्मरणशक्ती, अवधान आणि भाषा यांत सूक्ष्म उणिवा आढळल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मिनामातासारखी दुर्घटना घडलेली नाही. तेथील प्रश्न या दुसऱ्या, सहज न दिसणाऱ्या प्रकारचा आहे.

उपसागराचा तळ

सॅक्रॅमेंटो आणि सॅन वाकीन या दोन मोठ्या नद्या पर्वतातील सर्व पाणी गोळा करून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात आणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणींचा चिखल या वाटेने येऊन उपसागराच्या उत्तर भागात साचला आणि त्याचा तळ उथळ झाला. पुढे नद्यांवर मोठी धरणे झाली. वरून येणारा गाळ धरणांत अडू लागला आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर उपसागराचा तळ उलट झिजू लागला. वरचा थर धुपून गेला, की त्याखाली पुरलेला खाणकाळातील पारामिश्रित थर उघडा पडतो. भरती-ओहोटीचे पाणी तो ढवळते आणि काठच्या दलदलींत नेऊन टाकते.

दक्षिणेकडून ग्वादालुपे ही लहानशी नदी उपसागराला मिळते. न्यू अल्मादेनच्या भट्ट्यांत भाजून टाकून दिलेला हिंगूळ ओढ्यांच्या काठी ढिगांनी पडला होता. भाजलेल्या खनिजात उरलेल्या पाऱ्याची काही संयुगे मूळ हिंगुळापेक्षा सहज विरघळतात. पावसाळ्यात ही माती नदीत उतरते.

उपसागराच्या पाऱ्याचा जो सरकारी हिशेब मांडण्यात आला, त्यानुसार वर्षाला सुमारे बाराशे किलो पारा त्यात भर घालीत होता. यातील सुमारे तीन-चतुर्थांश भाग तळाची धूप आणि सॅक्रॅमेंटो–सॅन वाकीन खोरे या दोहोंतून येत होता. आजचे कारखाने व शहरांचे सांडपाणी यांचा वाटा त्या मानाने अगदी थोडा होता. म्हणजे चालू उद्योगांवर कितीही निर्बंध घातले, तरी मुख्य ऋण हे मागच्या पिढ्यांचे आहे. या हिशेबावर आधारलेली आणि २००८ मध्ये मंजूर झालेली योजना मोठ्या माशांच्या मांसात दर किलोमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पारा नसावा, असे उद्दिष्ट ठेवते. लहान मासे खाणाऱ्या सुरय पक्ष्यांच्या रक्षणासाठी तिने बारीक माशांकरिता ०.०३ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविली. उपसागर पूर्ववत होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतील, असा अंदाज त्याच योजनेत व्यक्त झाला आहे.

भार कोणावर पडतो

उपसागराच्या धक्क्यांवर अनेक भाषांतील फलक लावलेले दिसतात. शार्क, पांढरा स्टर्जन आणि पट्टेरी बास हे मासे बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांनी व मुलांनी खाऊ नयेत, असा इशारा त्यांवर असतो. सामन मासा आयुष्याचा मोठा काळ खुल्या समुद्रात काढतो. त्यामुळे त्याच्यात पारा कमी असतो आणि तो खाण्यास हरकत नाही, असेही सांगितलेले असते. सल्ला योग्य आहे. परंतु जो हौसेने गळ टाकतो, त्याला मासा परत पाण्यात सोडणे सोपे असते. ज्याच्या घरी त्या दिवसाचे कालवण त्याच माशावर अवलंबून असते, त्याला हा सल्ला पाळणे तितके सोपे नसते.

क्लिअर लेक या सरोवराच्या काठचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील सल्फर बँक ही पाऱ्याची खाण १९५७ मध्ये बंद पडली. तिच्या अगदी शेजारी एलेम पोमो आदिवासींची वस्ती आहे. खाणीतील टाकाऊ माती फुकट मिळणारी भर म्हणून या वस्तीतील रस्त्यांसाठी व घरांच्या पायांसाठी वापरली गेली होती. १९९० मध्ये ही खाण देशातील अत्यंत दूषित स्थळांच्या यादीत घालण्यात आली आणि वस्तीतील दूषित माती २००६ मध्ये उचलण्यात आली. ज्या सरोवरातील माशांवर त्यांचे पूर्वज हजारो वर्षे जगले, ते मासे किती खावेत हे मात्र या लोकांना आता तक्त्यात पाहून ठरवावे लागते. सोन्याचा किंवा पाऱ्याचा नफा त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

उपायांची कोंडी

पारा काढून टाकणे हा उपाय सुचविणे सोपे आहे. परंतु तो कोट्यवधी घनमीटर गाळात विखुरलेला आहे. युबा नदीच्या मुखाशी साचलेल्या गाळाचा जो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार मोठ्या पुरांच्या वेळी हा गाळ पुन्हा पुन्हा सुटत राहील आणि ही क्रिया हजारो वर्षे चालू राहील. त्यामुळे जेथे पारा एकवटलेला आहे, अशा जागा निवडून काढणे, जुन्या पन्हळी व बोगदे साफ करणे, टाकाऊ मालाचे ढीग झाकणे आणि धरणांतील गाळ उपसताना त्यातून पारा वेगळा करणे, एवढेच व्यवहार्य ठरते.

चांगल्या हेतूने केलेल्या कामांतही अडचण उद्भवते. युबा नदीवर १९४१ मध्ये बांधलेले एंगलब्राइट धरण खाणींचा राडारोडा अडविण्यासाठीच होते. या धरणामुळे सामन माशांची वर जाण्याची वाट बंद झाली. ते पाडावे, असे म्हणणाऱ्यांना त्यामागे साचलेल्या पारामिश्रित गाळाचा विचार करावा लागतो. उपसागराच्या दक्षिण टोकाला २००३ मध्ये १५,००० एकरांहून अधिक मिठागरे सार्वजनिक मालकीत आली आणि तेथे पुन्हा दलदल निर्माण करण्याचे काम सुरू झाले. दलदल पक्ष्यांना व माशांना आसरा देते, पुरापासून शहरांचे रक्षण करते. पण मिथिल पारा तयार होण्यास अनुकूल जागाही तीच असते. म्हणून तेथे एकेक मिठागर टप्प्याटप्प्याने खुले केले जाते आणि पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी मासे व पक्ष्यांची अंडी यांतील पारा तपासला जातो. हे काम संथ आहे. पण घाईने झालेल्या चुकीची दुरुस्ती त्याहून संथ असते, हे येथील इतिहासच सांगतो.

इतर नद्या, इतर किनारे

कॅलिफोर्नियाचे उदाहरण एकमेव नाही. स्लोव्हेनियातील इद्रिया येथे १४९० च्या सुमारास सापडलेली पाऱ्याची खाण जवळजवळ पाचशे वर्षे चालली. तिने सुमारे १ लाख ७ हजार टन पारा जगाला दिला आणि भट्ट्यांच्या धुरातून व टाकाऊ मालातून आणखी हजारो टन पारा आसपासच्या खोऱ्यात सांडला. खाण विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. तरीही इद्रिका व सोचा या नद्यांच्या पुरांबरोबर तो पारा एड्रियाटिक समुद्रातील ट्रिएस्टच्या आखातात उतरतच आहे.

याहून चिंतेची बाब ही की, जुनी चूक नव्या ठिकाणी पुन्हा घडत आहे. दक्षिण अमेरिका, आफ्रिका व आग्नेय आशिया येथील लक्षावधी गरीब माणसे नदीच्या वाळूतून पाऱ्याच्या साहाय्याने सोने काढून पोट भरतात. माणसाच्या हातून हवेत सुटणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा उगम आज हा लहान प्रमाणावरील सोन्याचा उद्योग आहे. या प्रश्नाला आळा घालण्यासाठी २०१३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला मिनामाताचेच नाव देण्यात आले. १६ ऑगस्ट २०१७ पासून तो अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला संमती दिली. पाऱ्याच्या नव्या खाणी उघडण्यास या कराराने बंदी घातली आहे.

एकोणिसाव्या शतकातील खाणमालकांना मिथिल पाऱ्याची माहिती नव्हती. त्यांचे अज्ञान खरे होते. आज ते कारण कोणालाही पुढे करता येणार नाही. नदी वरच्या अंगाला जे स्वीकारते, ते खालच्या अंगाला पोहोचविते. त्यास कधी एक पावसाळा लागतो, तर कधी दीडशे वर्षे. वहीत तोटा म्हणून लिहिलेला तो पारा नाहीसा झाला नव्हता. त्याची किंमत मोजावयाची राहिली होती, आणि ती सोने कधीही न पाहिलेली माणसे मोजीत आहेत.